एका सरकत्या छपराची घरपट्टी

कोकणातल्या माणसाचं अर्धं आयुष्य छपराखाली जातं आणि उरलेलं अर्धं छपरावर. मे महिना लागला की अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत घराघरांवर माणसं चढलेली दिसतात. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वाळवीने खाल्लेल्या रिपा बदलायच्या, कोन्यांना सिमेंट लावायचं, पश्चिमेकडून झाप बांधायचे, आणि एवढं सगळं झाल्यावर माकडांच्या एका टोळीने त्यावरून शर्यत लावायची, असा हा शाकारणीचा वार्षिक कार्यक्रम असतो. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात स्थळ बघायला आलेली माणसंसुद्धा आधी आढ्याकडे बघतात, मग मुलीकडे.

अशा मुलखात आमच्या काकांनी जाहीर केलं की आपण मागच्या वाडीत एक मुद्दाम उघडणारं छप्पर बांधणार आहोत.

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आहे ते छप्पर बंद करून घ्यायला गवंडी मिळत नाही, आणि तुम्ही उघडं कुठे बांधताय?"

काका बँकेतून निवृत्त झालेले. नागाव आणि चौल यांच्या मधोमध वडिलोपार्जित नारळ-सुपारीची वाडी, विहीर, रहाटाचे अवशेष आणि एक आठ इंची दुर्बीण, एवढी त्यांची स्थावर-जंगम. या दुर्बिणीचा नाद लागायला कारण झालं ते निसर्ग चक्रीवादळ. ३ जून २०२० च्या दुपारी ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने ते किनाऱ्यावर आदळलं आणि काही तासांत त्याने रायगडच्या अख्ख्या किनारपट्टीला सरकती छपरं करून दिली. उणीव एवढीच होती की सरकलेली छपरं परत आली नाहीत. आमचे पत्रे शेजारच्या वाडीत सापडले, शेजाऱ्यांचे आमच्या विहिरीत, आणि तिसऱ्याच कुणाचा तरी एक निळा पत्रा पिंपळावर इतका घट्ट बसला होता की त्याला उतरवावं असं कुणालाच वाटेना. त्यानंतर कितीतरी दिवस वीज नव्हती. पडवीच्या छपराला पडलेल्या भगदाडाखाली काका खाट टाकून झोपत. एका रात्री पावसाने उघडीप दिली आणि त्या भगदाडात बरोबर वृश्चिक येऊन बसला, मध्यभागी लालसर ज्येष्ठा. महिनाही ज्येष्ठच. काकांनी हाका मारमारून घर उठवलं. काकूंना वाटलं खरा विंचू. त्या चप्पल घेऊन आल्या.

पुढे भगदाड बुजलं, पण काकांचं मन त्यातच राहिलं. दुर्बीण आली. मग रोजचा व्यायाम सुरू झाला: तिवई बाहेर काढायची, वजनं लावायची, नळी चढवायची, ध्रुवाकडे रोख धरायचा. हे सगळं जुळून येईपर्यंत समुद्रावरून ढगाचा एक तुकडा यायचा आणि नेमका दुर्बिणीसमोर मुक्काम करायचा. यावर उपाय म्हणजे दुर्बीण कायमची एका जागी रोवायची आणि बाहेर न्यायचं ते घर.

गावाला हे पटेना. वेधशाळा म्हणजे घुमट, हे चित्र सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. जुन्नरजवळच्या गिरवलीला आयुका या खगोलसंस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे, तिला घुमट, कोडाईकनालला घुमट, शाळेच्या पुस्तकातल्या चित्रातही घुमट. एका शेजाऱ्याने सुचवलं की हजार लिटरची काळी पाण्याची टाकी उलटी घालून तिला उभी चीर पाडली तर घुमट स्वस्तात होईल. सूचना वाईट नव्हती. मे महिन्यात त्या टाकीत काका कितपत शिजले असते एवढाच प्रश्न होता. घुमटात आणखी एक भानगड असते. आतली दिवसभराची तापलेली हवा रात्री फटीतून बाहेर पडत राहते, आणि त्या हवेतून पाहिलेला गुरू पाण्यात बुडवल्यागत हलतो. छप्परच सरकवून दिलं की ऊब एकदम निघून जाते, आकाश एकदम सगळं मिळतं. चार भिंती, चाकांवरचं छप्पर, भिंतींवरून पुढे गेलेले दोन रूळ आणि त्या रुळांना टेकू द्यायला खांब. ढकललं की उघडलं. जगभर हौशी लोक परसात असंच बांधतात. काकांनी एक परदेशी नकाशाही मिळवला. त्यात छपरावर साठणाऱ्या बर्फाचं वजन काटेकोरपणे धरलेलं होतं.

मग प्रश्न आला दिशेचा. छप्पर सरकून उभं राहतं कुठेतरी, आणि जिकडे उभं राहतं तिकडचं क्षितिजालगतचं पंधरा-वीस अंशांचं आकाश खाऊन टाकतं. परदेशी नकाशा ठामपणे म्हणत होता, उत्तरेला सरकवा. त्या लोकांचं ठीक आहे. लंडनला ध्रुव एक्कावन्न अंश वर असतो. ध्रुवाची उंची म्हणजे त्या गावाचे अक्षांश, आणि अलिबाग बसलंय साडेअठरा अंशांच्या किंचित वर. हात लांब करून मूठ धरली तर दहा अंश होतात. म्हणजे आमचा ध्रुव क्षितिजापासून दोन मुठीसुद्धा नाही. छप्पर उत्तरेला सरकवलं की त्याच्या पाखीमागे ध्रुव गेलाच. आणि दुर्बिणीचा अक्ष रोखायचा तो त्याच ध्रुवावर. अढळपद मिळवायला त्या पोराने एवढी तपश्चर्या केली, ती काय पत्र्यामागे उभं राहायला?

बरं, दक्षिणेला न्यावं, तर तिकडे अगस्त्य. हा तारा आकाशात व्याधाच्या खालोखाल तेजस्वी, पण इतका दक्षिणेला की दिल्लीकरांना तो क्षितिजाला घासून जाताना दिसतो. आमच्याकडे तो अगदी ऐन वर आला की उंची किती? पावणेएकोणीस अंश. ध्रुवाइतकीच! अलिबागच्या आकाशात अढळ बाळ आणि समुद्र पिणारा ऋषी हे दोघं समोरासमोर एकाच पायरीवर बसतात, ही गोष्ट कळल्यापासून काका हवेत होते. "उत्तर-दक्षिण दोन्ही बाद," त्यांनी निकाल दिला. "दोघांपैकी कुणाचाही अपमान व्हायला नको."

पश्चिमेला समुद्र, खारं वारं आणि हद्दीवरून चार पिढ्या न बोलणारे भाऊबंद. राहिली पूर्व. पूर्वेला घराची मागची पडवी, स्वैपाकघराचं दार आणि काकूंचं भांडी घासायचं दगडी चौथरं. पूर्व काकूंच्या अखत्यारीत होती. बोलणी बरीच चालली. शेवटी रुळांखालच्या जागेवर काकूंचा हक्क राहील, या अटीवर परवानगी मिळाली. ही अट पुढे किती महागात जाईल, हे बँकेत जन्म काढलेल्या माणसाच्याही लक्षात आलं नाही.

वेल्डिंगवाल्याला बोलावलं. त्याने नकाशा उभा धरला, आडवा धरला, उलटा धरला आणि म्हणाला, "काका, हे गेट हाय."

"छप्पर आहे रे."

"बगा ना. खाली अँगल उलटा टाकायचा, वर खाचेची चाकं, ढकललं की जातं. मुंबईवाल्यांच्या बंगल्यांना अशी कितीतरी लावलीत मी. तुमचं जरा उंचावर हाय, एवढंच. पत्रा टाकला तर छप्पर, नाय टाकला तर गेट."

त्यानंतर बांधकाम संपेपर्यंत त्या वस्तूला तो गेटच म्हणाला. बिलावरही तसंच लिहिलं. पण माणूस हाताचा पक्का. काकांनी त्याला एक गोष्ट मात्र चार-चारदा सांगितली: गेट उडत नाही, छप्पर उडतं. वारा छपरावरून वेगाने गेला की वरचा दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढलं जातं. चाकांवर नुसतं ठेवलेलं छप्पर तर वाऱ्याला आमंत्रणच. परदेशी नकाशातलं बर्फ छपराला खाली दाबत होतं. आपल्याकडचा शत्रू उलट्या बाजूने येतो. एवढं भौतिकशास्त्र समजायला दुसऱ्या कुणाला वेळ लागला असता. वेल्डिंगवाल्याला लागला नाही. निसर्गमध्ये त्याच्या स्वतःच्या शेडचं छप्पर गेलं होतं. त्याने चारी कोपऱ्यांना जमिनीपर्यंत ताणून आवळायचे टर्नबकल लावले, भिंतीत हुक गाडले आणि वर रुळाखालून छपराला धरून ठेवणारे पंजे बसवले. "आता गेलं तर घर घेऊन जाईल," तो समाधानाने म्हणाला.

रुळाच्या टोकाला अडवणीचा ठोकळा मात्र त्याने एकाच बाजूला लावला होता, आणि ती बाजू पश्चिम होती. उद्‌घाटनाच्या धक्क्याला छप्पर असं काही सुरेख निघालं की ढकलणाऱ्यांना हात काढायचं भानच राहिलं नाही. ते पूर्वेकडे निघालं ते थेट काकूंच्या राज्यात शिरलं. पुढची दोन चाकं रूळ सोडून हवेत गेली, पुढची कड चौथऱ्यावर टेकली आणि सगळा डोलारा तिथे थांबला. आतून काकू बाहेर आल्या. परातीतलं पीठ तसंच हातात. छपराकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे रोज जेवायला येणार का?"

लोखंडाचा विषय निघालाच आहे तर अलिबागच्या खऱ्या वेधशाळेबद्दल सांगायला हवं, कारण आमच्याकडून तिथे जाताना-येताना काकांचा चेहरा पडायचा. मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने वेधशाळा उभारली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होऊ लागली. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेलं ते प्रचंड चुंबकीय वादळ कुलाब्याच्या नोंदवहीत उतरलेलं आहे आणि आजही जगभरचे अभ्यासक त्या आकड्यांना विचारत येतात. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेची ट्राम शेजारून गेली की नाजूक चुंबक थरथरणार. वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी अलिबागला जागा शोधली, १९०४ मध्ये नवी वेधशाळा चालू केली आणि दोन वर्षं दोन्हीकडच्या नोंदी समांतर घेऊन त्यांची सांगड बसेपर्यंत विजेच्या ट्रामला थांबायला लावलं. १९०७ मध्ये ती धावली. शास्त्रज्ञाच्या सुईसाठी अख्खी मुंबई घोड्याच्या चालीने चालत राहिली, हे आज सांगून कुणाला खरं वाटणार नाही.

ती अलिबागची इमारत पोरबंदरच्या निवडक दगडाची, चुंबकत्वाचा लवलेश नसलेली. आत लोखंड वर्ज्य. बिजागऱ्यांपासून खिळ्यांपर्यंत तांब्या-पितळेचं राज्य. आणि तिच्यापासून काही मैलांवर आमच्या काकांची वेधशाळा: अँगल लोखंडाचे, रूळ लोखंडाचे, पत्रा लोखंडाचा, आणि खाऱ्या वाऱ्याने पहिल्याच महिन्यात त्यावर धरलेला तांबूस रंग. वेल्डिंगवाल्याने जस्ताचा मुलामा दिलेला होता, पण जिथे जिथे जोड मारला तिथला मुलामा जळून गेला होता आणि समुद्राला नेमकी तीच ठिकाणं ठाऊक होती. चाकांचे बेअरिंग आधी कुरकुरले, मग किंचाळले, मग गप्प बसले. गप्प बसणं सगळ्यात वाईट. आता काका महिन्याला डबा घेऊन ग्रीस लावतात. पोरबंदरी दगडाचं नाव काढलं की उठून आत जातात.

दुर्बिणीचा खांब हा आणखी एक अध्याय. हा खांब खोलीच्या जमिनीला कुठेही चिकटता कामा नये. त्याचा पाया वेगळा, चार फूट खोल, आणि भोवती बोटभर फट. नाहीतर खोलीत कुणी पाय बदलला तरी तिकडे शनी उडी मारतो. गवंड्याच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाला हे पटण्यासारखं नव्हतं. फट ठेवणं म्हणजे त्याच्या मते काम अर्धं सोडणं. संध्याकाळी काका बघायला गेले की फट असायची, सकाळी ती सिमेंटने बुजलेली असायची. शेवटी काकांनी तिथे स्टूल टाकून पहारा दिला. फट वाचली. पण काका चहाला आत गेले तेवढ्यात गवंड्याने मनाचं समाधान करून घेतलं. अंगणात मधोमध कमरेएवढा खांब, म्हणजे तुळशीवृंदावनच असणार, असं धरून त्याने पूर्वेच्या अंगाला पणतीसाठी एक देखणा कोनाडा काढला. हल्ली त्यात नेत्रिका ठेवतात. काकू मात्र संध्याकाळी तिथे उदबत्ती लावतात, आणि आरशावर राखेचा थर बसतो, याबद्दल दोघांमध्ये वाद नाही, फक्त उसासे आहेत.

परवानगीसाठी काका ग्रामपंचायतीत गेले. अर्जात राहतं घर, गोठा, शेड, पंपघर अशा सगळ्या सोयी होत्या. वेधशाळा नव्हती.

"अलिबागला आहेच की एक," तिथले भाऊसाहेब म्हणाले. "गावात दुसरी कशाला? तिचाच अंदाज खरा ठरत नाही."

पाऊस सांगणारी ती वेगळी, चुंबक मोजणारी ती वेगळी आणि ही तिसरी, असं काकांनी समजावलं. भाऊसाहेबांनी ऐकून घेतलं आणि शेडसमोर खूण केली. मग मुद्द्यावर आले. "छप्पर आहे?"

"आहे."

"कायमचं?"

"आहे कायमचं, पण कायम तिथे नाही."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. घरपट्टी बांधकामाच्या क्षेत्रफळावर. छप्पर भिंतींवर असतं तेव्हा दहा बाय दहा शेड, आणि बाहेर रूळ-खांबांचा उघडा सांगाडा. रात्री छप्पर त्या सांगाड्यावर गेलं की तिथे दहा बाय दहा शेड आणि मागे नुसत्या भिंती. म्हणजे शेड एक की दोन? काकांचं म्हणणं, छप्पर एकच आहे, तेव्हा एकच. भाऊसाहेबांचं म्हणणं, ते सगळं खरं, पण मोजणीला आम्ही दिवसा येतो, रात्री दुसरीकडे उभं राहणारं बांधकाम कागदावर दाखवायचं कसं? एका ज्येष्ठ सदस्याने दोघांची सरासरी काढून दीड शेड धरावी, असा तोडगा सुचवला. फाईल सध्या त्या दीडवर थांबली आहे.

वेधशाळा पूर्ण झाली ती अर्थात जूनमध्ये. कोकणातलं कुठलंही बांधकाम याच महिन्यात पूर्ण होतं. म्हणजे पाऊसच येऊन ते पूर्ण झाल्याचं जाहीर करतो. पुढचे चार महिने छप्पर उघडायचं छपराच्या मनात आलं असतं तरी काकांच्या नव्हतं. गिरवलीची मोठी दुर्बीणसुद्धा पावसाळ्यात मिटून बसते, हा एक दिलासा. ऑगस्टच्या मध्याला ययातीतून उल्का पडतात, त्या आम्ही पत्र्यावर ऐकल्या. २०२० च्या जुलैत निओवाइज धूमकेतू आला होता आणि जगाने त्याचे फोटो काढले, तेव्हाही कोकणाने छत्रीच पाहिली होती. आत हवा इतकी ओली की दुर्बिणीच्या खोक्याला पांढरी दाढी आली. भिंगांवर बुरशी चढू नये म्हणून काकांनी एका लोखंडी कपाटात पिवळा दिवा लावून त्यात नेत्रिका, सिलिका जेलच्या पुड्या आणि काकूंच्या आग्रहावरून पापडांचा डबा ठेवला. पापड उत्तम राहिले.

या बंद महिन्यांत काकांना एक आधार सापडला. मुरूडच्या अलीकडे नांदगाव आहे. सोळाव्या शतकात इथे केशव दैवज्ञ आणि त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ राहत. बाप डोळ्यांनी ग्रह पाहून जुन्या गणिताशी ताडून बघणारा, चूक दिसली की तशी लिहून ठेवणारा. मुलाने शके १४४२, म्हणजे १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचलं. ज्या-चापांची किचकट त्रिकोणमिती त्याने जवळजवळ हद्दपार केली, अकरा वर्षांचं म्हणजे ४०१६ दिवसांचं चक्र धरून आकडे लहान ठेवले, आणि साध्या गुणाकार-भागाकाराने ग्रह काढता येतील अशी सोय केली. पुढे कित्येक शतकं महाराष्ट्रातली पंचांगं त्याच गणितावर चालली. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मोठा इतिहास लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित दापोलीकडच्या मुरूडचे. कोकणात ज्योतिषात नाव काढायचं तर शेजारी एखादं तरी मुरूड लागतं असं दिसतं. चौलला ती सोय नाही.

काका नांदगावच्या सिद्धिविनायकाला जाऊन आले, येताना जुन्या बाजारातून ग्रहलाघवाची प्रत आणली आणि पावसाच्या झडीत गुरू कुठे आहे ते कागदावर काढत बसले. काकू पत्रा ठोठावून म्हणाल्या, "त्या माणसाने छपराशिवाय सगळं केलं ना?" हा प्रश्न घरात अजून अनुत्तरित आहे.

पावसाच्या शेवटाला पहाटे अगस्त्य उगवतो. जुनी समजूत अशी की तो उगवला की गढूळ पाणी निवळतं. आमच्याकडे पाणी निवळलं, पण अगस्त्य दिसेना. कारण दक्षिणेला बरोबर मधोमध एक माड. अगस्त्य एका झावळीमागून निघायचा, वाऱ्याने दुसरी झावळी आडवी यायची. काकांनी माड तोडायचं नुसतं पुटपुटलं.

"अगस्ती वर्षाला नारळ किती देतो?" काकूंनी विचारलं.

माड आहे. अगस्त्य अधूनमधून आहे.

हिवाळ्यात मात्र वेधशाळेला बरे दिवस आले. गावभर बातमी पसरली आणि माणसं यायला लागली. पहिल्यांदा पत्रिका घेऊन आली. मग मंगळ कडक आहे का ते प्रत्यक्ष बघायला. साडेसाती चालू असलेले एक गृहस्थ दुर्बिणीजवळ आले, हात जोडले आणि डोळा न लावताच परत गेले. उगाच नजरानजर नको म्हणाले. बाकीच्यांना शनीची कडी बघायची होती. आणि २०२५ च्या त्या नोव्हेंबरात शनीने कडी काढून ठेवली होती. दर पंधरा वर्षांनी एकदा ती आपल्याला आडवी, कडेवरून दिसतात. उरते ती केसासारखी रेघ. काका प्रत्येकाला समजावत होते: कडी आहेत, फक्त आपण त्यांच्या पातळीत आलोय. लोक माना डोलवायचे आणि बाहेर जाऊन म्हणायचे, दुर्बीण स्वस्तातली असणार. कडी पूर्ण उघडलेली दिसतील ती २०३२ मध्ये. काकांनी सगळ्यांना तेव्हा परत यायचं आमंत्रण दिलं आहे.

शेजारच्या पाड्यावरचे एक कोळी आजोबा मात्र चंद्रावर खूश झाले. बराच वेळ पाहून म्हणाले, "डाग हायत तसेच हायत." मग काकांना म्हणाले, "चंद्र बगायला तुम्हाला एवडं बांदाया लागलं? आम्हाला पाण्यावरनं कलतं. उधाण केवा, भांग केवा, वर बगायची गरज नाय." काकांनी त्या रात्री भरतीची वेळ त्यांच्याकडून लिहून घेतली.

अमावास्येचं प्रकरण थोडं वाढलं. खगोलप्रेमीला अंधार लागतो, म्हणून काका अमावास्येला हटकून वाडीत. डोळ्यांची सवय मोडू नये म्हणून हातात लाल कागद लावलेली बॅटरी. मध्यरात्री माडांच्या गर्दीत एक लाल ठिपका फिरतो, मग लोखंडाचा लांबलचक कर्र आवाज होतो, मग शांतता. गावात तीन मतं झाली: गुप्तधन, करणी आणि पाण्याची मोटर चोरी. किनाऱ्यावर गस्त घालणारे हवालदारही एकदा आत आले, कारण समुद्राकडे रोखलेली नळी दिसली होती. त्यांना मृगातला तेजोमेघ दाखवला. जाताना त्यांनी विचारलं, याच्यातून मांडव्याचा धक्का दिसेल का?

खरा त्रास अंधाराचा नाही, उजेडाचा. उत्तरेला पाण्यापलीकडे मुंबई, आणि आमचा बिचारा ध्रुव नेमका तिच्या डोक्यावर, दोन मुठींच्या आत. मुंबईचा पिवळट उजेड वर चढून त्याला घेरतो. मूसांनी विजेला टाळून वेधशाळा अलिबागला आणली आणि नंतर मुंबई सवडीने मागोमाग आली: लाँच, मग रो-रो, मग २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू. शनिवारी संध्याकाळी बंगल्यांच्या बागांतले दिवे लागतात. माडाच्या खोडाखाली दिवा ठेवून तो वरच्या दिशेने मारायचा, अशी एक नवीन रीत निघाली आहे. माड आहे हे त्या माडालाच कळावं यासाठी असावी. त्यामुळे काकांची वेधशाळा सोमवार ते गुरुवार चालते. शुक्रवारी तिथे काकूंचे पाहुणे झोपतात.

जानेवारीत पोपटी. वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्डीचा पाला, उपडं मडकं आणि भोवती जाळ. आकाशदर्शनाला आलेली मंडळी पोपटीला थांबतात आणि पोपटीला आलेली आकाशदर्शनाच्या आधी जातात. धुरातून व्याध लालभडक दिसतो आणि सगळे त्याला मंगळ म्हणतात.

आणि मग आला पांढरा कांदा. अलिबागच्या या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून काकू त्याच्याशी अदबीने वागतात. कांदे काढले, पातीच्या वेण्या घातल्या, माळा तयार झाल्या. कांद्याला सावली हवी आणि वारा हवा. करारानुसार रुळांखालची जागा काकूंची. माळा रुळांना लटकल्या. पण रुळांवर सावली पडते ती छप्पर तिकडे सरकवलं तरच. तेव्हा दिवसा छप्पर कांद्यांवर हवं, हा काकूंचा हुकूम. रात्री दुर्बिणीवरून छप्पर काढायचं, म्हणजे ते जाणार कुठे? कांद्यांवरच. काकांनी हिशोब केला तेव्हा लक्षात आलं की या मोसमात छप्पर चोवीस तास कांद्यांवर राहणार आणि दुर्बीण भर उन्हात. त्यांनी दिवसा दुर्बिणीवर ताडपत्री घातली. म्हणजे छपरासाठी एवढा खर्च करून झाल्यावर दुर्बीण पुन्हा ताडपत्रीखाली आली आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला चाकांवरचं, टर्नबकल लावलेलं छप्पर मिळालं.

हे सगळं वेल्डिंगवाला बघत होता. एके दिवशी तो टेप घेऊन आला आणि न विचारता मापं घ्यायला लागला. आमच्या भागात सोललेली-न सोललेली सुपारी अंगणात महिना महिना वाळत पडलेली असते, आणि अवकाळीचं भुरभुर सुरू झालं की घरातली माणसं ताडपत्र्या घेऊन धावतात. त्याने नागावात एकाला सुपारीच्या खळ्यावर असंच सरकतं छप्पर करून दिलं. मग रेवदंड्यात दोघांना. मग सुक्या मासळीसाठी एक. दुकानावर पाटीही लागली: ‘सर्व प्रकारची गेट व आडवी गेट करून मिळतील.’

ही छपरं दिवसा उघडतात आणि तिन्हीसांजेला बंद होतात. काकांचं त्याच वेळी उघडतं. संध्याकाळी आमच्या पाखाडीत लोखंडाचे तीन-चार कर्र आवाज एकापाठोपाठ येतात, आणि मग एक, उलट्या दिशेचा. परवा वेल्डिंगवाल्याचा काकांना फोन आला. नवं गिऱ्हाईक जरा किचकट होतं, त्याला मोटरवर चालणारं छप्पर हवं होतं, आणि पाऊस पडला की आपोआप बंद होणारं.

"काका, तुमच्या वेधशाळेला आदी कळंल ना, पाऊस येतोय त्ये?"

"अरे, ती वेधशाळा वेगळी!"

"बरं बरं. मग तिचा नंबर द्या."